मेकॅनिकल झालं, आता अपारंपरिक ऊर्जेत शिरायचंय : बेळगाव भागातून वाट कशी?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि तिथूनच व्हीटीयू विद्यापीठाची मेकॅनिकलची बी.ई. निकाल लागून वर्ष होत आलं. सध्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये ट्रेनी आहे. सीएनसीवरून उतरलेले जॉब मोजायचे, रिपोर्ट भरायचा, साहेबांची सही घ्यायची. माणसं चांगली आहेत, त्रास काही नाही. पण आयुष्यभर हेच करायचं म्हटलं की जीव रमत नाही.

शेवटच्या वर्षाला आम्ही काजूगर वाळवायला सोलर ड्रायर केला होता. हवा कुठून घ्यायची, काच किती तिरकी ठेवायची, आतलं तापमान कसं आवरायचं, यात रात्री कशा गेल्या कळलं नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की काम करायचं तर सौर, पवन, असल्या क्षेत्रात.

पुण्यातल्या एका संस्थेचा फोन येतो रोज. सोलरचा कोर्स, फी भरपूर, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बाबा म्हणतात, हातातली नोकरी सोडून पैसे भरायला कुठं निघालास? मित्र म्हणतात, सोलर हे इलेक्ट्रिकलवाल्यांचं, तुला कोण विचारतंय. खरंच मेकॅनिकलवाल्याला जागा आहे का? घरापासून फार लांब न जाता काही होईल का? कन्नड बोलतो नीट, वाचतो अडखळत, लिहिता येत नाही, त्याचं काय? जे या कामात आहेत त्यांनी जरा मोकळेपणानं सांगा.

चक्कीवाला

आधी ते कोर्सचे पैसे खिशातच राहू देत. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे बहुतेक वेळा छतावर पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदाराकडे मदतनीस. त्या कामाला बी.ई. लागत नाही, सरकारच्या सूर्यमित्र योजनेत आयटीआयची पोरं ते शिकतात.

मी पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे, सध्या गदगकडे. आपल्याकडून जवळची ठिकाणं म्हणजे सौंदत्तीच्या टेकड्या, गदगचा कप्पतगुड्ड, पुढं चित्रदुर्ग. महाराष्ट्रात गेलास तर सांगलीचं ढालगाव, साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीचं पठार. म्हणजे बेळगाव बरोबर मधोमध पडतं.

आता मेकॅनिकलचं काय ते ऐक. लांबून पातं हळू फिरताना दिसतं, मिनिटाला पंधराएक फेरे. आतला जनरेटर मात्र बहुतेक मशीनमध्ये दीड हजाराच्या आसपास फिरतो. मधली सगळी शंभरपट गिअरबॉक्स करते. प्लॅनेटरी स्टेज, हेलिकल स्टेज, मेन बेअरिंग, ब्रेक डिस्क, कपलिंग, वाऱ्याकडे तोंड फिरवणारा यॉ, पात्यांचा कोन बदलणारा पिच. हे सगळं तुझ्या सिलॅबसमध्ये होतं की नाही? गिअरबॉक्स नसलेल्या चक्क्याही आहेत, पण बेअरिंग, बोल्ट आणि ग्रीस तिथंही सुटत नाही.

मुलाखतीत मला विचारलेले प्रश्न सांगतो. टॉर्क (आवळण्याचा पीळ) आणि टेन्शन (बोल्टमधला ताण) यांत फरक काय? बोल्टला तेल लावून तेवढ्याच टॉर्कनं आवळला तर काय होईल? तेलाच्या सॅम्पलमध्ये लोखंड वाढलं तर आधी काय तपासशील? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा किती पट? शेवटचा तेवढा पुस्तकी, उत्तर आठ पट. बाकी तीन मशीन शॉपमध्ये राहूनच शिकता येतात.

कोर्स करायचाच तर जीडब्ल्यूओ या पवनऊर्जेतल्या जागतिक संस्थेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग बघ. उंचीवरचं काम, प्रथमोपचार, आग, ओझं उचलणं. दर दोन वर्षांनी ते नव्यानं करावं लागतं, त्यामुळे स्वतःच्या पैशानं करण्याआधी कंपनी करून देते का विचार. आणि नेमणूक कुणाच्या कागदावर आहे ते नीट वाच. चक्की बनवणाऱ्या कंपनीच्या पटावर आहेस की देखभालीच्या ठेकेदाराच्या, यात पगार, विमा, बढती सगळ्याचा फरक पडतो. काम एकच, शिडी एकच, पण अपघात झाला तर धावून येणारे वेगळे.

उंचीची भीती असेल तर आत्ताच सांग. ऐंशी-शंभर मीटर वर जायचं असतं. नव्या टॉवरांना लिफ्ट असते, जुन्यांना पाय.

उद्यमबागकर

धागाकर्त्याच्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. "जॉब मोजायचे, रिपोर्ट भरायचा." बाळा, ते मोजणं म्हणजेच धंदा आहे. वर चक्कीवाल्यानं सांगितलेले प्रश्न बघ, सगळे मोजण्याचेच आहेत. माझ्याकडं पोरं येतात, मायक्रोमीटर धरायला शिकतात आणि हात बसला की पुण्याला पळतात. पळा, पण बेअरिंगचा फिट, रनआउट, अलाइनमेंट हे हातात बसल्यावर पळा.

दुसरं सांगतो, ते सोलरवाले सांगणार नाहीत. माझी फौंड्री आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट जातात. छतावर पॅनेल टाकून फर्नेस चालवतो म्हणणारे सेल्समन आले होते, चहा देऊन परत पाठवले. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा, दिवसाला सरासरी चार युनिट. करा गणित. छत माझं जुन्या सिमेंट पत्र्याचं, त्यावर माणूस उभा राहिला तर खाली येईल. त्यातून वाळू आणि फर्नेसची धूळ रोज पॅनेलवर बसणार.

तरी ही ऊर्जा आमच्याकडं शिरली आहेच, पण दुसऱ्या दारानं. ग्रुप कॅप्टिव्ह. पवन किंवा सौर प्रकल्पात आम्ही वीज वापरणाऱ्यांनी मिळून किमान २६ टक्के भागीदारी घ्यायची आणि तिथल्या विजेतली किमान ५१ टक्के आम्हीच वापरायची. प्रकल्प राहिला कुठल्या कुठं, वीज हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, तारेवरून येते. आता ही बिलं वाचणारा, कुठल्या तासाला फर्नेस लावावी हे सांगणारा, कॉम्प्रेसरची गळती शोधणारा माणूस मला पाहिजे. सीए म्हणतो हे इंजिनिअरचं काम, इंजिनिअर म्हणतो हे अकौंट्सचं. बीईई या केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेची एनर्जी ऑडिटरची परीक्षा असते. इंजिनिअरिंगची पदवी आणि ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, पेपर चार. मशीन शॉपमधली वर्षं त्यात धरता येतील असं काम आत्तापासून मागून घे. साहेबाला म्हण, कॉम्प्रेसर आणि पंपांचं मीटर रीडिंग मी ठेवतो. नाही कोण म्हणतंय? फुकटचं काम कुणाला नको आहे!

टिळकवाडीची

काकांचं फौंड्रीचं गणित मान्य, पण सोलर म्हणजे इलेक्ट्रिकलचंच, या मित्रांच्या मताला माझा विरोध आहे. मी पुण्यात सोलर स्ट्रक्चरचं डिझाइन करते, पदवी मेकॅनिकलच.

मोठ्या प्रकल्पात पॅनेल जमिनीवर असतात. पावगडचा सोलर पार्क ऐकला असशील, तुमकूर जिल्ह्यात, २,०५० मेगावॅट, सुमारे १३,००० एकर. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक पॅनेल वाऱ्यात उभं ठेवायचंय, पंचवीस वर्षं. वाऱ्याचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातून काढायचा. खांब जमिनीत किती खोल, तो उपटायला किती जोर लागेल याची जागेवर चाचणी, गॅल्व्हनायझिंगचा थर किती मायक्रॉन. सूर्यामागं फिरणारे ट्रॅकर आले तेव्हापासून तर खरी मजा आहे. लांबलचक टॉर्क ट्यूबवर पॅनेलांची रांग, वारा विशिष्ट कोनातून आला की ती पिळवटून झुलायला लागते. वाढत गेली तर अख्खी रांग मोडते. म्हणून वारा वाढला की पॅनेल कुठल्या कोनात नेऊन थांबवायचे, डँपर (झुलणं मारणारे) किती नि कुठं, हे सगळं डायनॅमिक्स आहे. कॉलेजात व्हायब्रेशन्सचा पेपर ज्यांनी ऑप्शनला टाकला त्यांनी इकडं येऊ नये.

सॉफ्टवेअर म्हणशील तर पीव्हीसिस्ट (सौर प्रकल्पाच्या विजेचा अंदाज काढणारं) दोन आठवड्यांत येतं, त्यासाठी फी भरू नकोस. स्टॅड (सांगाड्याच्या डिझाइनचं) आणि एखादं थ्रीडी सॉफ्टवेअर मात्र पक्कं कर. एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवर, चांगले कोर्स आहेत. गेटची तयारी होत असेल तर आयआयटी मुंबईला ऊर्जा विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, मेकॅनिकलवाल्यांना तिथं एम.टेक.ला वाव आहे. पण घराजवळ राहायचं असेल तर माझी वाट तुझ्या कामाची नाही. डिझाइनची कामं पुणे, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद इथंच. सणावारी रात्रीची बस, एवढाच बेळगावशी संबंध उरतो.

तुमच्या ड्रायरमधलं आतलं तापमान नोंदवलं होतं का? तासागणिक आकडे असतील तर रिझ्युमेत ते टाक. 'सोलर ड्रायर बनवला' असं लिहिणारे पुष्कळ असतात, आलेख दाखवणारे फारसे नसतात.

छतावरचा

निपाणीतून. माझा रूफटॉपचाच धंदा, म्हणून दोन गोष्टी. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, त्यामुळे सीमेपलीकडं कागल, कोल्हापूरकडं घरगुती काम जोरात. इकडं कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं २०० युनिटपर्यंत बिलच नाही, मग माणूस सोलर कशाला लावेल? त्यामुळं आमचे गिऱ्हाईक म्हणजे दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, कारखाने. खानापूरकडं मंगळुरी कौलं, त्यावर थेट काही बसत नाही, वेगळा सांगाडा उभारावा लागतो आणि तिथला पाऊस म्हणजे काही विचारू नका. भोक पाडलं तिथं गळती ठरलेली. मेकॅनिकलवाला पोरगा हाताखाली असेल तर मला पाहिजे, पण खरं सांगतो, पगार उद्यमबागेपेक्षा जास्त नाही देऊ शकत.

संकेश्वरी

इतके प्रतिसाद आले, चक्की झाली, पॅनेल झालं, फौंड्री झाली, पण साखर कारखान्याचं नाव कुणी काढीना. बेळगाव जिल्ह्यात राहून! अरे, आपल्या जिल्ह्यात ऊर्जा पिकते ती उसाच्या फडात. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, उगार, अथणी, गोकाक, कुठंही उभा राहा, हंगामात धुराडं दिसतंय की नाही बघ.

मी कोजनमध्ये आहे, म्हणजे एकाच वाफेवर वीजही आणि रस आटवणंही. बॉयलर आणि टर्बाइन माझ्याकडं. पोराला कळेल असं सांगतो. एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, पडतो, त्यात निम्मं पाणी. तो जाळून वाफ. पूर्वी बॉयलर २१ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाचे, मग ४५ चे. तेव्हा कारखाना स्वतःपुरती वीज करायचा आणि उरलेला बगॅस कुठं टाकावा हा प्रश्न असायचा. आता ८७ आणि ११० किलोचे बॉयलर, वाफ ५४० अंशांपर्यंत. तेवढ्याच बगॅसमध्ये कारखाना चालतो आणि वर ग्रिडला वीज विकता येते. गंमत कशात आहे बघ. वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग दाब उतरलेली तीच वाफ पुढं रस आटवायला जाते. एका आगीत दोन कामं. थर्मोडायनॅमिक्समध्ये रँकिन सायकल काढायला लावायचे ना, त्यातलं एक्स्ट्रॅक्शन आणि बॅक प्रेशर इथं हाताला चटका देऊन शिकवतंय.

आणि हे सगळं मेकॅनिकल. बगॅसचा फीडर तुंबला, बघा मेकॅनिकल. आयडी फॅनला (धूर ओढणाऱ्या पंख्याला) थरथर, बॅलन्सिंग करा. फीड पंपाचा सील गेला. ट्यूब फुटली तर बॉयलर गार करून आत शिरायचं. डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश, म्हणजे तिथलं सांडपाणी, आटवून तोच बगॅससंगं जाळायचा बॉयलर असतो. त्यात पोटॅश इतका की ट्यूबांवर दगडासारखा थर धरतो. तो कसा कमी करायचा यावर भलेभले डोकं खाजवतायत. ज्याला उत्तर सापडेल त्याला नोकरी शोधावी लागणार नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं तसं डिस्टिलऱ्या वाढल्या. आता प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या मळीपासून) गॅस करण्याचे प्लांट येतायत. हे सगळं अपारंपरिक ऊर्जेतच मोडतं, पण पोस्टरवर निळं पॅनेल आणि पांढरी चक्की असते, चिपाडाचा ढीग कोण छापतंय?

कागदाचं बोलायचं तर बीओई. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. मोठ्या बॉयलरला असा माणूस कायद्यानंच लागतो. पदवीनंतर बॉयलरवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊनच परीक्षेला बसता येतं, म्हणून लवकर चिकटलेलं बरं. तोंडी परीक्षेत घाम फोडतात. पण पास झालास की साखर सोड, कागद, औषधं, कापड, जिथं बॉयलर तिथं तू. बेळगावातच निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा इन्स्टिट्यूट. तिथल्या लोकांशी जाऊन बोल.

वाईट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील काकानं गंडवलं. हंगामी नेमणूक असेल तर गळीत संपल्यावर पूर्ण पगार नाही, रिटेन्शनवर, म्हणजे बिनहंगामातल्या कमी पगारावर, भागवा. काही ठिकाणी पगार थकतो. काही ठिकाणी चेअरमनच्या ओळखीशिवाय दार उघडत नाही. हंगामात रात्रपाळी सुटत नाही, आणि दिवाळीनंतर कुणाचं लग्न असलं तर घरचे तुझ्याशिवायच जेवून येणार.

चक्कीवाला

संकेश्वरी काका, +१. एक जोडतो. तुमचं गळीत दिवाळीच्या मागंपुढं सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. आमचा वारा मृगाच्या सुमारास उठतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. म्हणजे तुमचं मशीन उघडायची वेळ ती आमची धावण्याची, आणि आमची मोठी दुरुस्ती थंडीत. टर्बाइनचं अलाइनमेंट येणारी माणसं दोन्हीकडं लागतात. कोजनमधून आलेला एक जण आमच्याकडं आहे. व्हायब्रेशनचा आलेख बघून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो, आम्ही शिडी चढायच्या आधी.

सीमावासी

भाषेचं कुणीच बोलत नाही. केपीसीएल या कर्नाटकच्या वीजनिर्मिती कंपनीसारख्या सरकारी जागांना कन्नडची परीक्षा असते, आपल्या मराठी शाळेतल्या पोरांची वाट तिथंच अडवली जाते. साठ-सत्तर वर्षं हेच चाललंय. आधी प्रश्न सुटू दे, मग

व्यवस्थापक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा चालू आहे, ती चर्चा तिकडे. वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग हलवला आहे. इथे नोकरीपुरतं बोलावं.

संकेश्वरी

व्यवस्थापक, नोकरीपुरतंच बोलतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या कारखान्यात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, एकाच वाक्यातसुद्धा. गदगला मात्र कानडीच. बोलता येतंय म्हणजे निम्मं काम झालं. लिहायला शीक, लॉगबुक आणि परमिट इंग्रजीत असलं तरी हाताखालच्या माणसाला सूचना त्याला वाचता येईल अशी लिहावी लागते. ५४० अंशांच्या वाफेपाशी गैरसमज नको.

एक पालक

माझा मुलगा यंदा बारावीत, गाव निपाणीजवळ. त्याला महाराष्ट्रात शिकायला पाठवता येतं का?

टिळकवाडीची

येतं. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) असा वेगळा प्रवर्ग आहे. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांत तुमचं गाव आहे का बघा आणि रहिवासाचा, मातृभाषेचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी दाखल्यासाठी फार धावपळ होते.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. ड्रायरचे तासागणिक आकडे आहेत, वहीत. आलेख काढतो. पुण्याच्या संस्थेचा नंबर ब्लॉक केला.

आज कामावर कॉम्प्रेसरचं रीडिंग ठेवू का विचारलं, साहेब लगेच हो म्हणाले. उंचीची भीती नाही, लहानपणापासून माडावर चढतोय.

संकेश्वरी काका, तुमचं वाचून रात्रभर विचार करत होतो. दोन शंका. मला बॉयलरचा शून्य अनुभव, मग कारखान्यात घेतील कशाच्या जोरावर? आणि कोजनमध्ये गेलो तर पुढं साखरेतच अडकून पडायला होईल का?

उद्यमबागकर

अडकायचं काय त्यात? गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली पाण्याच्या टर्बाइनवर सूतगिरणी फिरवली लोकांनी. तेव्हापासून या जिल्ह्यात फिरणारी यंत्रं सांभाळणारा माणूस कधी रिकामा बसलेला नाही. आता सौंदत्तीकडं पंप्ड स्टोरेजचं घाटतंय. दिवसा सौर विजेनं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. तिथंही टर्बाइन, शाफ्ट, बेअरिंगच.

संकेश्वरी

पहिल्या शंकेचं उत्तर देतो. हंगामात आलास तर तुला कुणी विचारणार नाही, सगळे धावपळीत. ऑफ सीझनला ये. गळीत थांबलं की सगळं उघडतात. टर्बाइनचं केसिंग वर उचलतात, रोटर बाहेर, क्लिअरन्स मोजायचे, ट्यूबांची जाडी अल्ट्रासोनिकनं तपासायची, मिलचे रोलर उतरवायचे. शेवटी बॉयलर इन्स्पेक्टरसमोर पाण्याचा दाब देऊन टेस्ट. त्या काळात मोजमाप येणारा माणूस सोन्याच्या भावानं लागतो, कारण बाहेरून आलेल्या ठेकेदाराचे आकडे आम्हाला पडताळून घ्यायचे असतात. उद्यमबागेत तू वर्षभर तेच केलंस. अर्जात 'सोलरची आवड' लिहू नको. बोअर गेज, डायल, फीलर कशावर हात बसलाय ते लिही.

दुसरी शंका चक्कीवाल्यानं सोडवलीच आहे. पगाराचे आकडे इथं नको, व्यनि (खाजगी निरोप) कर. आणि येताना सेफ्टी शूज स्वतःचे आण, स्टोअरमधले कधीच मापाचे नसतात.

मलप्रभाकाठ

व्यनि केला आहे काका. बाबा विचारतायत, राहायची सोय कॉलनीत होईल का?

संकेश्वरी

बॅचलरला खोली मिळते, दोघांत एक. मेसला बुधवारी आणि रविवारी मटण. बाकी दिवस पिठलं नाहीतर आमटी-भात, तक्रार चालत नाही.